परीक्षेला ८३ दिवस झाले, मार्क अजून 'पेंडिंग'

चिमणचारा (धागाकर्ती) | ७ जानेवारी २०२५, रात्री १०:४०

लेक नववीत आहे. पुण्यातली शाळा, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम (हो, अजून आहोत आम्ही). प्रथम सत्राचा बीजगणिताचा पेपर १६ ऑक्टोबरला झाला. मघाशी कालनिर्णय काढून बोटांवर मोजले, आज ८३ दिवस झाले. शाळेच्या ॲपवर मराठी, इतिहास, विज्ञान भाग १ यांचे मार्क नोव्हेंबरअखेरीस आले. गणिताच्या दोन्ही भागांसमोर मात्र तेव्हापासून पिवळ्या रंगात 'पेंडिंग' दिसतंय. आता हळदीचा डबा उघडला तरी मला तेच आठवतं.

कमी पडले असतील तर पडू देत, मला भांडायचं नाहीये. मला पेपर बघायचाय. लेकीला विचारलं तर "बरा गेला" म्हणते. त्या 'बरा'वर मी जवळजवळ बारा आठवडे काढलेत.

विचारायचं कुणाला? वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यात लिहायची मुभा फक्त ॲडमिनना. उद्या पांढरे बूट, स्नेहसंमेलनाच्या वेशभूषेचे ३५० रुपये, अपार आयडीचं (मुलांच्या सरकारी ओळख क्रमांकाचं) संमतीपत्र आजच्या आज. आपण खाली अंगठा उमटवायचा. एम. कॉम. होऊन मी अंगठेबहाद्दर झाले.

वर्गशिक्षिकांना दोनदा वेगळा मेसेज केला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. डिसेंबरात पालकसभा झाली. ५८ मुलांचे पालक, दीड तास, त्यातला पाऊण तास प्रास्ताविक आणि नवीन इमारतीच्या देणगीचं आवाहन. माझा नंबर लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "गणिताचे सर इलेक्शन ड्युटीत अडकले होते हो, पेपर थोडे राहिलेत." मतदान २० नोव्हेंबरला झालं होतं.

तर, सगळीकडे असंच आहे का? आणि ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी नेमकं काय केलं? "शाळा बदला" सोडून काहीही सांगा.

कोकमसरबत | ७ जानेवारी, रात्री ११:०५

+१०००. माझा मुलगा सहावीत. आमच्याकडे उलटं आहे, मार्क दुसऱ्या आठवड्यात येतात पण पेपर कधीच दिसत नाही. विज्ञानात ४० पैकी २२. कशात गेले विचारलं तर "लेखन सुधारा" म्हणाले. लेखन म्हणजे अक्षर, शुद्धलेखन की उत्तराची लांबी? मी तिन्ही सुधारायला घेतली. पोरगं आता माझ्याकडे बघायलाही घाबरतं.

विरारफास्ट | ७ जानेवारी, रात्री ११:३२

आमची शाळा 'इंटरनॅशनल' आहे, म्हणजे नावात आहे. ॲप एकदम चकाचक. बस कुठल्या सिग्नलला उभी आहे ते दिसतं. फीचा हप्ता चुकला तर सकाळी ८ च्या ठोक्याला मेसेज, त्या दिवशी सर्व्हर कधी डाऊन नसतो. मार्कांचं पान उघडलं की चक्री फिरत बसते.

हल्ली मुलाला विचारतो आज कुणाचा वाढदिवस होता. वर्गात काय चाललंय ते त्यातून जास्त कळतं.

लष्करच्या_भाकऱ्या | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २४. शिक्षकांची कर्तव्यं तिथे दिली आहेत, त्यात पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणं स्पष्ट लिहिलंय. दुसरं म्हणजे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते असा निकाल दिला. टाका अर्ज!

विरारफास्ट | ८ जानेवारी, सकाळी ७:४०

भाऊ, शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाचा, म्हणजे पहिली ते आठवी. लेक नववीत आहे. आणि तो निकाल सीबीएसईच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकांबद्दल होता. चाचणी परीक्षेसाठी शाळेवर माहिती अधिकार टाकला तर उत्तर येईपर्यंत पोरगी कॉलेजात जाईल.

लष्करच्या_भाकऱ्या | ८ जानेवारी, सकाळी ८:०२

नववीचा मुद्दा मान्य, घाईत लिहिलं. पण कोकमसरबत यांचा मुलगा सहावीत आहे, त्यांना कलम २४ पुरेपूर लागू. ज्यांची मुलं पाचवीत किंवा आठवीत आहेत त्यांनी तर हा धागा डोळ्यांत तेल घालून वाचावा. आपल्या राज्यात या दोन इयत्तांना आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर एकदा पुन्हा संधी आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना ही मोकळीक मिळाली. पहिल्या सत्रात पोर कशात अडकलं ते मार्चमध्ये कळून काय उपयोग?

स्पष्टवक्ता | ८ जानेवारी, सकाळी ९:२०

एवढं गोल गोल कशाला बोलायचं. सातवा वेतन आयोग, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, वर पेपर तपासायला तीन महिने. खासगी कंपनीत असतं तर तिसऱ्या दिवशी घरी. ती शाळा म्हणजे [संपादित] ना? माझ्या मेव्हणीची मुलं तिथेच होती, मला सगळं माहीत आहे.

व्यवस्थापन | ८ जानेवारी, सकाळी ९:५५

वरच्या प्रतिसादातून शाळेचं नाव काढलं आहे. धागाकर्तीने मुद्दाम लिहिलेलं नाही, इतरांनीही ओळखायचा खेळ करू नये. शिक्षकांची नावं, ग्रुपवरचे स्क्रीनशॉट टाकल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

खडूफळा | ८ जानेवारी, दुपारी ४:४५

इथे सहसा वाचनमात्र असते, पण स्पष्टवक्ता यांचं वाचून राहवलं नाही. मी गणित शिकवते, अनुदानित शाळेत, सातारा जिल्ह्यात. धागाकर्तीच्या शाळेशी संबंध नाही.

नुसता हिशेब मांडते. माझ्याकडे नववीच्या ३ आणि दहावीच्या २ तुकड्या. सरासरी ५५ मुलं धरा, झाली २७५. बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० चे दोन पेपर, झाले ५५०. गणितात पायरीला मार्क असतात, उत्तर चुकलं तरी कुठपर्यंत बरोबर आलंय ते बघावं लागतं. एका पेपरला ६ मिनिटं धरली (अक्षर वाचता आलं तर) तर ३३०० मिनिटं, म्हणजे ५५ तास. दिवसाला ६ तासिका घेऊन उभ्याने पाय सुजलेले असतात, तेव्हा हे काम घरीच होतं. रोज स्वयंपाक उरकून २ तास बसले तर २७-२८ दिवस. एकही दिवस पाहुणा आला नाही, ताप आला नाही असं धरून.

आता यंदाचं. दिवाळीच्या सुट्टीत गठ्ठे घरी आणले. त्यात निवडणुकीच्या प्रशिक्षणाचं पत्र. १९ नोव्हेंबरला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला पहाटेपासून मतदान, यंत्रं जमा करून घरी यायला मध्यरात्र उलटली. कलम २४ सांगणाऱ्या भाऊंनी पुढचं कलम २७ पण वाचावं. शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं तिथे म्हटलंय, आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळल्या आहेत. आमचे एक सर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आहेत, त्यांचं यादीचं काम तर वर्षभर संपत नाही. मग यूडायसची (सरकारच्या शाळा-नोंदणीची) माहिती, आधारमधलं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळवणं, अपारची संमतीपत्रं. एका मुलाच्या आधारवर 'गनेश' आहे आणि दाखल्यावर 'गणेश'. त्यात माझा एक अख्खा ऑफ तास गेला.

मार्क एकदाच लिहावे लागतात असं वाटत असेल तर तेही नाही. आधी उत्तरपत्रिकेवर, मग माझ्या गुणयादीत, मग वर्गशिक्षकांच्या एकत्रित तक्त्यात आणि शेवटी ॲपवर. ॲप एका वेळी एक मूल उघडतं.

तरीही ८३ दिवस जास्तच आहेत. माझे यंदा ४६ झाले, मला त्याचीही लाज वाटली होती.

कोकमसरबत | ८ जानेवारी, संध्या. ५:३०

बाई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मला ५५० चा आकडा कधी सुचलाच नव्हता. आपण आपल्या एका पोराचा एक पेपर धरून बसतो.

चिमणचारा | ८ जानेवारी, रात्री ९:१०

खडूफळा, हे सगळं पटलं, मनापासून. आता खरं सांगू का, आमच्या सरांनी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या असत्या ना, "निवडणुकीमुळे उशीर झाला, १५ डिसेंबरपर्यंत पेपर दाखवतो", तर मी हा धागाच काढला नसता. गॅस सिलिंडर उशिरा येणार असेल तरी मेसेज येतो हो.

शाळेच्या गप्प बसण्याने काय होतं ते पण लिहिते. आम्हा आयांचा एक दुसरा ग्रुप आहे, त्यात कुणी ॲडमिनगिरी करत नाही. तिथे आत्तापर्यंत तीन बातम्या फिरल्या. गणिताचे गठ्ठे हरवले, सर शाळा सोडून चालले, आणि सगळ्यांना सरसकट २५ देणार. तिसऱ्या बातमीवर दोघींनी पेढ्याचे फोटो टाकले.

हेडसर_निवृत्त | ९ जानेवारी, सकाळी ६:२०

३४ वर्षं नोकरी, त्यातली ९ मुख्याध्यापक म्हणून, सोलापूर जिल्ह्यात. आमच्या वेळी सारं उत्तम होतं असं म्हणणार नाही. पण घटक चाचणीचा पेपर वर्गात वाटायचा, घरी न्यायचा, पालकांची सही घेऊन परत आणायचा, अशी रीत होती. सह्या बापाच्या कमी आणि थोरल्या भावाच्या जास्त असायच्या. एका पोराने बापाऐवजी आजोबांचा अंगठा लावून आणला होता, शाई पाटीच्या फडक्याची. पण पेपर घरात जायचा हे खरं. आई निरक्षर असली तरी लाल खुणा किती ते तिला मोजता यायचं.

तो वाटायचा दिवस मला परीक्षेपेक्षा मोलाचा वाटे. सर फळ्यावर सोडवून दाखवत, पोरं आपापल्या पेपरात बघत, "सर माझा अर्धा मार्क राहिला" म्हणून रांग लागे. त्या अर्ध्या मार्काच्या भांडणात जेवढं गणित शिकून होई तेवढं एरवी महिन्यात होत नसे.

हे बंद का पडलं याची कारणं अनेक. एक माझ्या डोळ्यांदेखत घडलं. एका पालकांनी पेपर घरी नेला, क्लासच्या मास्तरांना दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार घेऊन संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. दीड मार्काचं प्रकरण. अध्यक्षांनी मला बोलावलं, मी शिक्षकांना बोलावलं, आणि त्या वर्षापासून आमच्या शाळेने पेपर घरी देणं बंद केलं. निर्णय माझ्याच सहीने झाला. आज वाटतं, चुकलं.

उंबरठा | ९ जानेवारी, दुपारी १:१५

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. ॲप नाही, ग्रुप आहे पण गावात रेंज असली तर. गुरुजी तिसऱ्या घरी भाड्याने राहतात. संध्याकाळी पानठेल्यावर भेटतात, तिथंच विचारून घेतो, "कशी हाय पोरगी?" तर सांगतात, "भागाकारात हातचा विसरते, घरी पाच गणितं करून घ्या." झालं.

पण दोन शिक्षकी शाळा आहे, दोघांपैकी एक गुरुजी सदा तालुक्याला मीटिंगले. म्हणजे भेट पक्की आणि शिकवणी अर्धी. कोणाचंच पूर्ण भलं नाही.

दूरदेशी | ९ जानेवारी, संध्या. ६:५०

न्यू जर्सीतून लिहितेय. मुलगा आठवीत. इथे पोर्टल आहे, प्रत्येक गृहपाठाचा, प्रत्येक चाचणीचा मार्क त्यात दिसतो आणि एकूण टक्केवारी आपोआप वरखाली होते. ऐकायला स्वर्ग वाटेल. पहिलं वर्षभर मी शेअर बाजारासारखी ते दिवसातून सहा वेळा बघायचे. एकदा दुपारी ऑफिसात असताना टक्केवारी ९१ वरून ७४ वर आली. मी मुलाला शाळेतच मेसेज केला, तो बिचारा जेवणाच्या सुट्टीत रडला. नंतर कळलं की बाईंनी न तपासलेल्या निबंधाला तात्पुरता शून्य टाकला होता.

मग मी नवऱ्याला पासवर्ड बदलायला सांगितला. आता दर शुक्रवारी संध्याकाळी तिघं मिळून बघतो.

उशीर इथेही होतो. निबंधाला पाच-पाच आठवडे लागतात, पालकांची कुरकुर चालूच असते. फरक एवढाच की शिक्षकांना शाळेच्या पत्त्यावर ईमेल केला की एक-दोन दिवसांत उत्तर येतं, आणि रात्री नऊला त्यांना फोन करायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही, कारण नंबरच नसतो.

खडूफळा | ९ जानेवारी, रात्री १०:३०

नंबर! दूरदेशी, तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. माझा खासगी नंबर २७५ घरांत आहे. रात्री अकराला "मॅडम उद्या डबा की अर्धी शाळा?" पहाटे साडेपाचला "सुप्रभात" आणि फुलं. एका वडिलांनी माझ्या नवऱ्याबरोबरच्या डीपीवर प्रतिक्रिया दिली होती. तेव्हापासून मी मेसेज बघते आणि उत्तर देत नाही. निळ्या टिका म्हणजे माज नसतो दर वेळी, कधी कधी नुसता थकवा असतो.

चिमणचारा ताई, तुम्हाला एक उपाय सांगते, तो व्हॉट्सॲपवर चालत नाही. कोऱ्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा. मार्क मागू नका, "माझ्या पाल्याची बीजगणिताची उत्तरपत्रिका शाळेतच, सरांच्या सोयीच्या वेळी, पाहण्याची परवानगी मिळावी" असं लिहा. दोन प्रती काढा. कार्यालयात लिपिकाकडे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. आवक क्रमांक पडला की तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातोच आणि त्यावर त्यांना काहीतरी शेरा मारावाच लागतो. मेसेजवर कुणी शेरा मारत नाही.

आणि शक्यतो सकाळी जा. दुपारी लिपिक शालेय पोषण आहाराच्या नोंदींत असतात.

लष्करच्या_भाकऱ्या | ९ जानेवारी, रात्री १०:५८

वा! आवक क्रमांक हा आपला खरा कायदा. यात माझी एक भर. शाळा खासगी असेल तर शिक्षक-पालक संघ आहे का, विचारा. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तो व्हायला हवा आणि कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे असतात. कायदा मुळात फीसाठी आहे हे खरं, पण समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसते. तिथे "पेपर दाखवायची तारीख आधीच जाहीर करा" एवढा एक विषय मांडायला कुणाची हरकत?

स्पष्टवक्ता | ९ जानेवारी, रात्री ११:१०

सोडत वगैरे कागदावर. आमच्याकडे मुख्याध्यापकांच्या शेजारच्या सोसायटीतलेच पालक दरवर्षी 'सोडतीत' निघतात. बाकी खडूफळा बाईंचा ५५ तासांचा हिशेब वाचला. माझा पहिला प्रतिसाद जरा जास्त झाला.

बॅकबेंचर_अजूनही | १० जानेवारी, मध्यरात्री १२:४०

मी पालक नाही, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितोय. पेपर उशिरा मिळतात हे आम्हाला फार आवडायचं. ऑक्टोबरातला पेपर जानेवारीत मिळाला की घरचे ओरडून ओरडून किती ओरडणार, समोर स्नेहसंमेलन असतं. पण आम्हीही तो बघायचो नाही. आतले प्रश्नच आठवत नसायचे. मार्क बघायचे, शेजाऱ्याचे बघायचे, पेपर दप्तराच्या तळाला.

आमच्या एक मराठीच्या बाई होत्या, त्या दुसऱ्या आठवड्यात पेपर द्यायच्या आणि मार्क शेवटच्या पानावर आत लिहायच्या, पहिल्यावर नाही. आधी सगळं उलटावं लागायचं. मला आजही 'पारितोषिक' लिहिताना पहिली वेलांटी ऱ्हस्व लिहायला जातो आणि त्या पानावरचा लाल गोल आठवतो. चुकतंच तरी.

विरारफास्ट | १० जानेवारी, सकाळी ८:१५

अवांतर: 'पारितोषिक' मधे पहिली ऱ्हस्वच असते मित्रा. तू बरोबर लिहितोयस. गोल नक्की कशाला होता?

बॅकबेंचर_अजूनही | १० जानेवारी, सकाळी ८:५०

आई शप्पथ. म्हणजे पाच वर्षं मी चुकीची चूक लक्षात ठेवली.

चिमणचारा | १० जानेवारी, रात्री ८:२५

हसून हसून पुरेवाट. आता माझी बातमी. सकाळी अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला. लिपिक काका म्हणाले, "हे तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी काही बोलले नाही.

आणि संध्याकाळी साडेसहाला ॲपवर बीजगणितासमोरचा पिवळा रंग गेला. १७.

४० पैकी १७. लेकीने बघितलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. 'बरा गेला' असं ती खोटं सांगत नव्हती हो, तिला खरंच बरा गेल्यासारखा वाटला होता. मला तेच जास्त लागलं.

कोकमसरबत | १० जानेवारी, रात्री ८:४०

आत जा आणि काही बोलू नका, नुसत्या बसा. पेपर बघितल्याशिवाय एक शब्द नको.

हेडसर_निवृत्त | ११ जानेवारी, सकाळी ६:०५

पेपर बघताना लेकीला सोबत न्या. पेन्सिल आणि कोरा कागद न्या. मार्क वाढवून मागू नका, बेरीज मात्र नक्की करून बघा. मोठ्या मोठ्यांची बेरीज चुकते.

चिमणचारा | १८ जानेवारी, दुपारी ३:३०

उशीर झाला, मधे संक्रांत आणि हळदीकुंकू होतं. आज शनिवार, शाळा सकाळची. सुटल्यावर सरांनी बोलावलं होतं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वाट दाखवलीत.

सर साधारण माझ्याच वयाचे, घसा बसलेला. टेबलावर गठ्ठे, एकावर एक, सुतळीने बांधलेले. त्यांनी स्वतःहून सांगितलं की निवडणूक झाल्यावर त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. हे ग्रुपवर कसं लिहिणार, म्हणाले. खरंच आहे, ग्रुपवर त्यांनाही लिहिता येत नाही, ॲडमिन फक्त वर्गशिक्षिका आणि कार्यालय! विषयशिक्षक त्या ग्रुपात आपल्यासारखेच, फक्त वाचणारे. हे मला माहीतच नव्हतं.

लेक आणि मी पहिल्या बाकावर बसलो. बेरीज बघितली, १७ च होते. संच बरोबर. वास्तव संख्या बऱ्यापैकी. गेले ते बहुपदीत, आणि सगळे एकाच कारणाने. संश्लेषक भागाकार (क्ष न लिहिता नुसते आकडे मांडून करायचा) करताना जी घात बहुपदीत नसते तिच्या जागी शून्य लिहायचं असतं, ते तिने एकदाही लिहिलेलं नाही. क्षचा घन वजा ७ क्ष अधिक ६, यात क्षचा वर्ग नाही, म्हणून सहगुणक १, ०, −७, ६ असे हवेत. हिने १, −७, ६ लिहून पुढचा भागाकार अगदी नेटका केलाय. तीन गणितं, तिन्हीत तेच. सगळ्या पायऱ्या सुंदर, पाया गायब. तिला म्हणून 'बरा गेला' वाटलं.

सर पेपर बघता बघता थांबले. म्हणाले, "हे मी तपासताना एकेक गणित म्हणून कापत गेलो. तिन्ही एकत्र आत्ताच बघतोय." मग त्यांनी डिसेंबरातल्या उजळणी चाचणीचा गठ्ठा सोडला, तो तपासूनच झालेला नव्हता. त्यातही हिचं तेच. शून्य नाही. ऑक्टोबरातली चूक तिने डिसेंबरात तशीच केली, कारण मधल्या दोन महिन्यांत ती चूक आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

समजावून सांगायला चार मिनिटं लागली. लेकीने तिथेच तीन गणितं करून दाखवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच होतं?" आणि मग चिडली. शाळेवर, माझ्यावर, शून्यावर. दोन वडापाव खाल्ल्यावर निवळली.

मार्क १७ च राहिले, मी वाढवून मागितले नाहीत. विनंती एकच केली की पेपर दाखवायची तारीख वार्षिकच्या वेळापत्रकातच छापा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बघू. २१ फेब्रुवारीला दहावी सुरू होतेय, आमच्या शाळेत केंद्र आहे, तोवर कुणाला वेळ नाही हे मलाही दिसतंय. त्यामुळे 'बघू' या शब्दावर माझा फारसा भरवसा नाही.

खडूफळा | १८ जानेवारी, संध्या. ७:१०

ताई, तुमचं वाचून मी आज माझे दोन गठ्ठे परत सोडले. एका वर्गातल्या ११ मुलांनी ते शून्य लिहिलेलं नाही. मीही एकेक कापतच गेले होते. सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर घेते.

विरारफास्ट | १८ जानेवारी, संध्या. ७:३५

आणि भूमितीचा पेपर?

चिमणचारा | १८ जानेवारी, रात्री ९:००

तो अजून पिवळा आहे. अर्जाची दुसरी प्रत काढून ठेवलीय.